खूण म्हणजे पुरावा नव्हे : ॲम्बेसेडरच्या कॅमशाफ्टने शिकवलेली साधनचिकित्सा

१/
गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला मामांच्या अंगणात, ॲम्बेसेडरच्या इंजिनातून निघालेला एक लोखंडी तुकडा मी टाकून देण्याच्या बेतात होतो. आकार जेमतेम बोटाच्या पेराएवढा. तो तुकडा म्हणजे एका अनाम मिस्त्रीने मागे ठेवलेला दस्तऐवज होता, हे उमगायला मला तीन आठवडे लागले आणि मध्ये एका घाटात फजिती झाली. आजचा धागा त्या तुकड्याविषयी आहे. तसाच तो, इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण यंत्रांकडे ज्या बेफिकिरीने पाहतो, त्याविषयीही आहे.

२/
माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालणाऱ्यांना सोयीचे. जुन्या गाडीचे इंजिन हे ऐतिहासिक साधन आहे. ते काचेआड ठेवून वाचता येत नाही. हात काळे करूनच वाचावे लागते. आणि 'कारखान्यातून आली तशी' करण्याच्या उत्साहात आपण त्या साधनातला सर्वांत मोलाचा मजकूर, म्हणजे वापराचा आणि दुरुस्तीचा इतिहास, स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. मी तो जवळजवळ पुसलाच होता.

३/
प्रथम यंत्राची ओळख. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनची चार कामे असतात: मिश्रण आत ओढणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे. एवढ्यात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. मिश्रण आत येण्याचे आणि धूर जाण्याचे दरवाजे म्हणजे व्हॉल्व्ह. ते कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे कॅमशाफ्ट ठरवते. या दांड्यावर अंडाकृती उंचवटे असतात, त्यांना कॅम म्हणतात. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. या दोघांची गाठ चेन आणि दातेरी चाके घालून देतात. ती गाठ अचूक बसवणे म्हणजे कॅमशाफ्टचे टायमिंग.

४/
कॅम ही कल्पना मोटारीपेक्षा कितीतरी जुनी. अल्-जझारीने १२०६ साली पूर्ण केलेल्या यांत्रिक करामतींच्या ग्रंथात कॅमशाफ्ट आहे. गंमत अशी की पहिल्या मोटारींना तिची पुरती गरज नव्हती. ओटोचे फोर-स्ट्रोक इंजिन १८७६चे. पण पुढची कित्येक वर्षे अनेक मोटारींतला आत घेणारा व्हॉल्व्ह हलक्या स्प्रिंगवर असे आणि पिस्टनच्या ओढीनेच उघडे. वेग वाढला तशी ही आपसूक व्यवस्था अपुरी पडू लागली. १९०१च्या मर्सिडीज ३५ एचपीमध्ये आत घेणारे व्हॉल्व्हही कॅमशाफ्टच्या हुकमाखाली आले.

५/
वेगवान इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनच्या टोकाच्या क्षणी उघडून-मिटून चालत नाही. आत येणाऱ्या मिश्रणाला स्वतःची गती असते. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी ते काही काळ आत शिरतच राहते, म्हणून व्हॉल्व्ह उशिरा मिटवतात. एमजीबी या ब्रिटिश मोटारीचे आकडे पाहा: आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या १६ अंश आधी उघडतो आणि तळ ओलांडल्यावर ५६ अंशांनी मिटतो. हे सारे अंश क्रँकच्या फेऱ्यातले. इंजिनाचा स्वभाव या अंशांत असतो.

६/
एमजीबीच का? कारण तिचे आणि ॲम्बेसेडरचे इंजिन एकाच घराण्यातले. ऑस्टिन आणि मॉरिस यांच्या विलीनीकरणातून १९५२ साली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन उभे राहिले आणि त्याच्या 'बी सिरीज' इंजिनाचा १४८९ सीसीचा अवतार १९५३च्या एमजी मॅग्नेटमध्ये आला. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डवरून आधी लँडमास्टर आणि मग ॲम्बेसेडर बनवली. इंजिन मात्र सुरुवातीला जुन्या धाटणीचे, १४७६ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह होते. १४८९ सीसीचे इंजिन मागाहून आले. इंग्लंडात ज्या घराण्याने खेळकर स्पोर्ट्स कार चालवली, त्यानेच इथे मंत्र्यांचे लाल दिवे, मुलाबाळांसह लग्नाला निघालेली वऱ्हाडे आणि टॅक्सीचे मीटर वाहिले.

७/
या गाड्यांचा इतिहास आपल्याकडे दोनच प्रकारे सांगितला जातो. पहिला स्मरणरंजनाचा: पांढरी ॲम्बेसेडर, काळी-पिवळी पद्मिनी. दुसरा धोरणांचा: शिवडीला १९२८ पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५०च्या दशकात, केवळ जुळणी करणाऱ्यांना सरकारने दार बंद केल्यावर, गाशा गुंडाळला; वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये फियाट तयार होऊ लागली; ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहत राहिला. दोन्ही कथा खऱ्या. पण गाडी घरी आल्यानंतर ती पुढची तीस-चाळीस वर्षे चालती कोणी ठेवली, हे दोन्हींत नाही.

८/
डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात हाच मुद्दा जगाच्या संदर्भात मांडला आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांचा आणि नावीन्याचा म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माणसे वापरतात, राखतात आणि दुरुस्त करतात ती जुनी यंत्रे. दुर्मीळ सुट्या भागांच्या आपल्या देशात तर हे अधिकच खरे. इथला गॅरेजवाला नुसता भाग बदलत नसे. भाग घडवत असे. त्याने मात्र लिहून काही ठेवले नाही. त्याचे लेखन धातूत आहे.

९/
आता साताऱ्याकडे. मामांच्या ॲम्बेसेडरची टायमिंग चेन खडखडत होती. रेडिएटर काढला, क्रँकची पुली काढली, पुढचे झाकण उतरवले. आत दोन दातेरी चाके, लहान क्रँकचे आणि मोठे कॅमशाफ्टचे. दोन्हींवर कारखान्याने एकेक ठिपका कोरलेला असतो. ते दोन ठिपके समोरासमोर, दोन्ही दांड्यांचे मध्य जोडणाऱ्या रेषेवर आणून चेन चढवायची, असे पुस्तक सांगते. घरच्या घरी हे काम करणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. मीही थांबलो.

१०/
कॅमशाफ्ट आणि तिचे चाक एकमेकांवर फिरू नये म्हणून दोहोंच्या खाचांत मिळून एक लोखंडी चावी बसवलेली असते. ही चावी सरळ असायला हवी. आमची पायरीसारखी होती: वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यापासून जेमतेम पाऊण मिलिमीटर बाजूला सरकलेला. मी हसलो. 'जुगाड' हा शब्द तोंडातून गेला. बाजारातून नवी सरळ चावी आणली, नवी चेन चढवली, ठिपके जुळवले, फोटो काढला. जुनी चावी केराच्या डब्यात जायची, ती मामांनी 'राहू दे रे, लोखंड आहे' म्हणून खिळ्यांच्या डब्यात टाकली.

११/
गाडी सुरू झाली. आवाज शांत, खडखड बंद. आणि खंबाटकीच्या घाटात तिने मान टाकली. पिकअप नाही. जिथे ती पूर्वी तिसऱ्यावर चढायची तिथे दुसऱ्यावरही धापा टाकू लागली. पुढचे तीन आठवडे मी कार्बुरेटर, पॉइंट आणि टॅपेट यांच्या मागे लागलो. ठिपक्यांवर संशय घेण्याचे धाडस झाले नाही, कारण ते कारखान्याने कोरलेले होते. छापील म्हणून खरे मानण्याची जी सवय आपण बखरीबाबत मोठ्या कष्टाने सोडली, ती मी पोलादाबाबत जपून होतो.

१२/
आपल्या परंपरेत राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला, तेव्हापासून आपण एक शिस्त पाळत आलो: मागाहून लिहिलेली बखर समकालीन कागदाशी ताडल्यावाचून स्वीकारायची नाही. ठिपका तरी काय सांगतो? 'हे चाक कापले तेव्हा खाच आणि दात यांचे नाते असे होते', एवढेच. त्यानंतर कॅमशाफ्ट बदलली, घासली गेली किंवा चाक दुसऱ्या कारखान्याचे आले, तर ठिपक्याला त्याचा पत्ता नसतो. ठिपका साक्ष देतो. त्याची उलटतपासणी आपण करायची.

१३/
उलटतपासणीची साधने साधी आहेत: ३६० अंशांची चकती, तारेचा काटा आणि डायल गेज. बॅटरीची तार सोडून आणि प्लग काढून इंजिन हलके करावे. चकती क्रँकच्या पुढच्या टोकाला आवळावी, काटा इंजिनाच्या एखाद्या बोल्टला बांधावा. पहिला प्रश्न: पिस्टन अगदी माथ्यावर, म्हणजे टीडीसीला, नेमका कधी असतो? डोळ्यांनी हे कळत नाही. माथ्यापाशी क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन हलल्यासारखा वाटतच नाही.

१४/
म्हणून युक्ती अशी. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात एक बोथट अडथळा बसवायचा, जो पिस्टनला माथ्याच्या थोडे आधी थांबवील. क्रँक हळूच एका दिशेने अडेपर्यंत फिरवून अंश टिपायचे, मग उलट दिशेने अडेपर्यंत फिरवून पुन्हा टिपायचे. दोन्ही नोंदींचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. तिथे चकतीचे शून्य आणायचे आणि अडथळा आठवणीने काढायचा. एका साक्षीवर विसंबायचे नाही, दोन बाजूंच्या साक्षींतून मध्य काढायचा, हे मला सेमिनारच्या वर्गापेक्षा इथे अधिक पटले.

१५/
एक फसवी जागा इथेच सांगतो. चार कामांच्या एका आवर्तनात पिस्टन माथ्यावर दोनदा येतो: एकदा मिश्रण दाबून, एकदा धूर बाहेर टाकून. नुसते पिस्टन पाहून यातली वेळ कोणती ते कळत नाही. पहिल्याची वेळ चौथ्याकडे पाहून ओळखायची. या इंजिनाचा क्रम १-३-४-२ आहे. चौथ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह मिटत असताना दुसरा उघडू लागला, की पहिला सिलिंडर दाबाच्या शेवटाला आहे. साल नसलेल्या पत्राची मिती आपण आत उल्लेखलेल्या दुसऱ्या घटनेवरून लावतो, तसेच हे.

१६/
आता मुख्य मोजणी. डायल गेज पहिल्या सिलिंडरच्या आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवर टेकवायचे. टॅपेटमधले अंतर आधी पुस्तकाप्रमाणे लावायचे. व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचे अंश तपासण्यासाठी पुस्तकात वेगळे अंतर दिले असेल तर त्या तपासणीला तेच घ्यायचे. व्हॉल्व्ह सर्वाधिक उघडतो तो बिंदू शोधायचा. कॅमचा माथाही सपाटसर असल्याने तिथेही डोळा फसतो. म्हणून पूर्ण उघडण्याच्या एक मिलिमीटर आधी किती अंश, आणि माथा ओलांडून तेवढेच मिटल्यावर किती अंश, हे टिपून मध्य काढायचा. सर्व नोंदी इंजिनाच्या स्वाभाविक दिशेने फिरवूनच घ्यायच्या. मागे फिरवले तर चेनची ढिलाई मोजणीत शिरते.

१७/
हा मध्य किती यायला हवा? वरचेच आकडे घ्या. व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ १६ + १८० + ५६ = २५२ अंश. त्याचा अर्धा १२६. त्यातून टीडीसीपूर्वीचे १६ वजा केले की ११०. म्हणजे कॅम दोन्ही बाजूंनी सारखी असेल, तर टीडीसीनंतर ११० अंशांवर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असायला हवा. मामांच्या गाडीच्या पुस्तकातले अंश वेगळे, पण त्यांचाही मध्य ११०च येत होता. ठिपके तंतोतंत जुळलेल्या आमच्या इंजिनात तो आला ११८. आठ अंशांचा उशीर.

१८/
मिश्रण उशिरापर्यंत उघड्या दारातून परत ढकलले जात होते, म्हणून कमी वेगावरचा जोर गेला होता. एक दात सरकवून हे सुटत नाही. चाकाला ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमशाफ्टचे ९ अंश आणि क्रँकचे तब्बल १८. आठासाठी अठरा सरकवले तर उशिराच्या जागी दहा अंशांची घाई होईल. हवी होती ती कॅमशाफ्ट चाकावर जराशी, जेमतेम चार अंश, पुढे सरकवणारी एखादी गोष्ट. पायरीसारखी चावी, उदाहरणार्थ.

१९/
खिळ्यांचा डबा अंगणात उपडा केला. चावी सापडली. ती बसवून पुन्हा सगळी मोजणी केली: १११. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. ज्याला मी जुगाड म्हणून हसलो होतो, ते एका माणसाने करून ठेवलेले उत्तर होते; आणि प्रश्न काय होता हेच मला ठाऊक नसल्याने मी ते उत्तर फेकत होतो.

२०/
पण इतिहासकाराने इथे भावुक होऊन थांबू नये. ती चावी झिजून तशी झाली असेल तर? झीज एकीकडे, गोलसर आणि चकचकीत असते. इथे भिंगाखाली दोन्ही बाजूंना कानशीचे सरळ, समांतर ओरखडे होते आणि दोन्हीकडची पायरी सारखी होती. म्हणजे ती घडवलेली. मग मामांच्या फायलीत एक पावती मिळाली, एका लेथवाल्याची, १९८७ची: 'कॅम ग्राइंडिंग'. झिजलेली कॅमशाफ्ट नवी मिळाली नसेल, म्हणून घासून घेतली. घासताना कॅमचे माथे खाचेच्या तुलनेत किंचित सरकले असावेत. आणि कोणीतरी ते ओळखून चावीने भरून काढले. शेवटची दोन वाक्ये माझे अनुमान आहे, पण पावती, ओरखडे आणि आकडे तिघेही त्याच दिशेला बोट दाखवतात.

२१/
पावतीवर चावीचा उल्लेख नाही. कागदाने फक्त व्यवहार नोंदवला. कारागिराचा निर्णय धातूतच राहिला. त्या मिस्त्रीकडे डायल गेज होते की त्याने घाटात गाडी चालवून, पुन्हा उघडून, पुन्हा कानस मारून अंदाज बसवला? माहीत नाही. मामांना त्याचे नावही आठवत नाही. पाऊण मिलिमीटर एवढाच त्याचा पुराभिलेख.

२२/
आता आक्षेप. पहिला: 'प्रत्येक झिजलेला भाग म्हणजे दस्तऐवज नव्हे.' मान्य. बहुतेक भाग नुसतेच झिजलेले असतात, आणि बरेचसे जुगाड खरोखर वाईट असतात. म्हणूनच मोजणी हवी. मोजल्याशिवाय जुन्या मिस्त्रीला डोक्यावर घेणे आणि मोजल्याशिवाय त्याला हसणे, हा एकच आळस आहे. दुसरा आक्षेप: 'हे काम तज्ज्ञाकडे द्यावे, घरी कशाला?' धंद्याच्या गॅरेजला तासाचा हिशेब असतो. तिथे भाग बदलला जातो, वाचला जात नाही. घरी तीन आठवडे वाया घालवण्याची चैन परवडते, आणि वाचनाला वेळच लागतो.

२३/
तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: 'मूळ स्वरूपात आणणे हेच जतन नव्हे का?' पण मूळ म्हणजे कोणते? कारखान्याच्या दारातला एक दिवस, की रस्त्यावरची चाळीस वर्षे? किल्ल्यावरची उत्तरकालीन तटबंदी 'शिवकालीन नाही' म्हणून पाडायला निघालेल्याला आपण अडवू. गाडीच्या बाबतीत मात्र तेच कृत्य करून आपण त्याला जीर्णोद्धार म्हणतो आणि चकचकीत फोटोला दाद देतो.

२४/
२०२३च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. भरभरून लिहिले गेले: रंग, मीटर, सिनेमे. या गाड्या चालत्या ठेवणाऱ्यांच्या वह्या, त्यांनी घडवलेली हत्यारे, घासून-भरून पुन्हा उभे केलेले भाग कुठे गेले, असे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. एक-दोन गाड्या संग्रहालयात उभ्या राहतील. ज्ञान भंगारात जाईल, किलोच्या भावाने.

२५/
म्हणून वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींना तीन विनंत्या. घरात किंवा ओळखीत जुनी गाडी उघडली जाणार असेल तर उघडण्यापूर्वी आहे ती स्थिती मोजा आणि लिहा. 'चुकीची' वाटली तरी, किंबहुना तेव्हा अधिकच. काढलेला भाग पाकिटात घाला, तारीख, गाडी आणि जागा लिहा. आणि तुमच्या गावातल्या साठी ओलांडलेल्या मिस्त्रीकाकांशी एक दुपार बोला. प्रश्न तत्त्वज्ञानाचे नकोत, 'हे असे का केले होते?' एवढाच हवा.

२६/
आमच्या गाडीत आता त्याच मापाची, लेथवर नव्याने करून घेतलेली पायरीची चावी आहे. ठिपके जुळलेले, मध्य ११०, घाट तिसऱ्यावर. जुनी चावी एका पाकिटात, १९८७च्या पावतीसोबत फायलीत आहे. पाकिटावर 'कर्ता' या शब्दापुढची जागा मी रिकामी सोडली आहे. साताऱ्याच्या गॅरेजांत विचारपूस चालू आहे. नाव मिळाले तर ते तिथे लिहीन आणि याच धाग्याखाली कळवीन.